लोणी एक, देश दोन

आजची गोष्ट लांबच्या मुलखातली आहे, पण विषय आपल्या चुलीजवळचा आहे. लोणी.

गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "त्या गावच्या बाया हुशार, म्हणून त्यांचा धंदा चालला. आपल्याला नाही जमायचं." कर्ज काढलं, मशीन आणलं, दोन वर्षांत ते कोपऱ्यात धूळ खात पडलं, की आपण स्वतःलाच बोल लावतो. आपण कमी पडलो, आपल्यात एकी नाही, आपल्याला हिशेब कळत नाही. दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका आख्ख्या देशाला लोक असंच बोल लावत होते. तो देश म्हणजे आयर्लंड. आणि ज्याच्याकडे बोट दाखवून "बघा, त्यांच्याकडून शिका" असं सांगितलं जायचं, तो देश म्हणजे डेन्मार्क. आज या दोघांची गोष्ट ऐकू या. कोणाचा धंदा का चालतो, हे कळायला तिचा उपयोग होतो.

दोन्ही देश लहान, दोन्ही थंड. दोन्हीकडे गाईगुरं भरपूर. आणि गिऱ्हाईक एकच, इंग्लंड. तिथं कारखाने वाढत होते, शहरं फुगत होती, आणि शहरातल्या माणसाला सकाळी पावाला लावायला लोणी हवं होतं. ते कोण करायचं? दोन्ही देशांत बायकाच. गाईची धार काढायची, दूध पसरट भांड्यात ओतून रात्रभर ठेवायचं, वर आलेली साय काढायची, ती आंबवायची आणि घुसळायची. हात दुखेपर्यंत घुसळायची. मग लोणी धुवायचं, मीठ घालायचं, लाकडी पिंपात दाबून भरायचं. हे काम तुम्हाला नवीन नाही.

सुरुवातीला पुढे होतं आयर्लंड. त्याच्या दक्षिणेला कॉर्क नावाचं बंदर आहे. तिथला लोण्याचा बाजार एकोणिसाव्या शतकात जगातला सगळ्यात मोठा लोण्याचा बाजार मानला जायचा. १७७० पासून तिथं व्यापाऱ्यांची समिती होती. आलेल्या प्रत्येक पिंपात लांब सळईसारखं हत्यार खुपसून आतलं लोणी बाहेर काढायचं, वास घ्यायचा, चव बघायची, आणि पिंपावर नंबर टाकायचा. पहिला नंबर, दुसरा, तिसरा. खूप मीठ घातलेलं हे लोणी जहाजानं पार वेस्ट इंडीज आणि ब्राझीलपर्यंत जायचं. डेन्मार्कच्या साध्या शेतकऱ्याच्या लोण्याला तेव्हा बाहेर फारसा भाव नव्हता. तिथं चांगलं लोणी व्हायचं ते मोठ्या जमीनदारांच्या वाड्यांवर.

आता चाळीस-पन्नास वर्षं पुढे चला. १८९० च्या दशकात इंग्लंडला सगळ्यात जास्त लोणी पाठवणारा देश डेन्मार्क झाला होता. आयर्लंडच्या लोण्याला इंग्लंडचे दुकानदार नाकं मुरडायला लागले होते. फार खारट, एका पिंपातलं एक चवीचं तर दुसऱ्यातलं दुसऱ्या, आणि हिवाळ्यात तर मिळतच नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांत लिहून यायचं की आयरिश माणूस आळशी, अस्वच्छ आणि भांडखोर, आणि डेन्मार्कचा शेतकरी कष्टाळू, नीटनेटका, एकीनं राहणारा.

पण खरंच एवढंच होतं का? त्यासाठी दोन्ही देशांची जमीन थोडी उकरून बघावी लागेल.

आधी डेन्मार्क. अठराव्या शतकात तिथला शेतकरीही बांधलेलाच होता. चौथ्या वर्षापासून चाळिसाव्या वर्षापर्यंत पुरुषाला आपल्या जमीनदाराचा मुलूख सोडून जायची परवानगी नव्हती. १७८८ साली कायदा झाला आणि १८०० पर्यंत टप्प्याटप्प्यानं ही बेडी तुटली. पुढच्या काही दशकांत बऱ्याच कुळांनी आपण कसत असलेली शेतं विकत घेतली. पैसे कुठून आले? जमीन तारण ठेवून एकमेकांच्या जबाबदारीवर कर्ज देणाऱ्या संस्था तिथं निघाल्या, आणि १८५० मध्ये सरकारनं त्यांच्यासाठी कायदाही केला. म्हणजे सावकाराच्या दारात न जाता लांब मुदतीचं कर्ज मिळायची सोय झाली.

दुसरी गोष्ट शाळेची. १८१४ साली डेन्मार्कनं कायदा केला की साधारण सातव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला शिकवायचंच. आपल्याकडे तेव्हा पेशवाई चालू होती, म्हणजे किती जुनी गोष्ट ते बघा. लोण्याचा धंदा वाढला तोवर त्या देशात दोन-तीन पिढ्या लिहायला-वाचायला शिकून मोठ्या झाल्या होत्या.

तिसरी गोष्ट जरा वेगळी. ग्रुंडविग नावाचे एक धर्मोपदेशक आणि कवी होते. त्यांचं म्हणणं असं की, शेतकऱ्याच्या तरुण मुलामुलींसाठी परीक्षा नसलेली शाळा हवी. तिथं इतिहास ऐकावा, गाणी म्हणावीत, वादविवाद करावेत. अशी पहिली लोकशाळा १८४४ मध्ये रोडिंग या गावात निघाली. पुढे अशा शाळा देशभर झाल्या. हिवाळ्यात शेतीची कामं कमी, तेव्हा मुलगे राहायला यायचे, उन्हाळ्यात मुली. काही महिने एका छपराखाली राहायचं, एका पंगतीत जेवायचं. लोणी कसं करायचं हे तिथं मुख्य शिक्षण नव्हतं. सभेत उभं राहून बोलायचं कसं, दुसऱ्याचं ऐकायचं कसं, आणि परक्या गावच्या माणसावर भरवसा टाकायचा कसा, हे तिथं अंगवळणी पडत गेलं.

मग त्या देशावर दोन संकटं आली. १८६४ च्या लढाईत प्रशिया आणि ऑस्ट्रियानं डेन्मार्कचा दक्षिणेकडचा मोठा मुलूख जिंकून घेतला. रोडिंगची शाळासुद्धा त्यात गेली. ती सरहद्दीच्या अलीकडे आस्कोव या गावी हलवावी लागली. डेन्मार्कचा माल आधी जर्मनीतल्या हँबर्ग बंदरातून इंग्लंडला जायचा. आता सरकारनं स्वतःच्या पश्चिम किनाऱ्यावर एस्बियर्ग इथं नवं बंदर बांधलं, तिथवर आगगाडी नेली. दुसरं संकट १८७० च्या दशकातलं. अमेरिकेतून आणि रशियातून स्वस्त धान्य यायला लागलं आणि गव्हाचे भाव कोसळले. जर्मनी आणि फ्रान्सनं बाहेरच्या धान्यावर जकात लावली. डेन्मार्कनं ती लावली नाही. तिथल्या शेतकऱ्यानं हिशेब उलटा केला. धान्य स्वस्त आहे ना? मग ते विकत घेऊ, गाईला आणि डुकराला घालू, आणि लोणी विकू.

यातूनच हिवाळ्यातलं दूध निघालं. गाय वसंतात व्यायली तर हिवाळ्यात भाकड होते. त्यांनी गाई शरद ऋतूत वितील अशी पाळी बदलली. थंडीत गोठ्यात बांधून धान्य, पेंड आणि कंदमुळं खायला घातली. आयर्लंडचं लोणी संपायचं तेव्हा डेन्मार्कचं चालू असायचं. दुकानदाराला काय हवं असतं, हे तुम्हीही जाणता. बाराही महिने माल मिळेल त्याच्याशीच तो व्यवहार पक्का करतो.

कोपनहेगनच्या शेतकी महाविद्यालयात फ्योर्ड नावाचे शिक्षक होते. साय लवकर आणि जास्त कशी निघेल, बर्फ किती वापरावा, कोणतं यंत्र चांगलं, याचे प्रयोग ते करायचे आणि निष्कर्ष छापून प्रसिद्ध करायचे. शेतकऱ्याला वाचता येत होतं, म्हणून ते छापलेलं कामाला आलं. शाळेचा कायदा १८१४ चा आणि त्याचं फळ १८८० चं. मधे साठ-पासष्ट वर्षं गेली.

१८७८ च्या सुमाराला स्वीडनमध्ये आणि डेन्मार्कमध्ये क्रीम वेगळं काढणारं, सतत चालणारं यंत्र तयार झालं. आपल्या डेअरीत असतं तसंच, दूध गरगर फिरवून साय बाजूला काढणारं. ते महाग होतं. दोन-चार गाईवाल्याला परवडणारं नव्हतं, आणि एवढ्याशा दुधावर ते चालवून काही उरलंही नसतं. १८८२ साली जटलंडच्या पश्चिम भागात येडिंग नावाच्या छोट्या गावात शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी देशातली पहिली सहकारी डेअरी काढली.

तिचे आणि तिच्यामागून आलेल्या डेअऱ्यांचे नियम ऐका, ओळखीचे वाटतील. डेअरी बांधायला कर्ज काढायचं, आणि त्याला सगळे सभासद एकमेकांना जामीन. घरी लागेल तेवढं दूध ठेवून बाकीचं सगळं आपल्याच डेअरीला घालायचं, ठरलेली वर्षं संपेपर्यंत दुसरीकडे न्यायचं नाही. मत माणशी एक. शंभर गाईवाल्याला एक आणि दोन गाईवाल्यालाही एकच. नफा दुधाच्या प्रमाणात. साय काढलेलं दूध ज्याचं त्याला परत. त्या दुधावर डुकरं वाढली, आणि १८८७ मध्ये होर्सन्स गावात शेतकऱ्यांनी डुकराच्या मांसाचा सहकारी कारखाना काढला. त्याच वर्षी जर्मनीनं डेन्मार्कची जिवंत डुकरं घेणं बंद केलं होतं.

पाणी घालणाऱ्याचं काय? तेही झालंच. सुरुवातीला दुधाच्या वजनावर पैसे मिळायचे, तेव्हा पातळ दुधाला आणि दाट दुधाला सारखाच दर. मग फ्योर्ड यांनी प्रत्येकाच्या दुधात साय किती हे एकाच वेळी मोजणारं यंत्र काढलं, आणि जितकी फॅट तितका पैसा असं सुरू झालं. भांडणं कमी झाली, कारण मोजमाप सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आठ वर्षांत अशा जवळजवळ सातशे डेअऱ्या निघाल्या. विसावं शतक उजाडलं तेव्हा त्या हजाराच्या वर गेल्या होत्या. देशाची लोकसंख्या होती पंचवीस लाखांच्या आत.

अंड्यांचं तर आणखी गमतीचं. १८९५ साली अंडी बाहेरदेशी पाठवणारी सहकारी संस्था निघाली. प्रत्येक अंड्यावर गावच्या संस्थेचा नंबर आणि सभासदाचा नंबर शिक्क्यानं उमटवायचा. लंडनमध्ये एखादं अंडं खराब निघालं तर ते कोणाच्या घरून आलं हे कळायचं आणि दंड बसायचा. चांगल्या अंड्याचं नाव व्हायला आणि वाईट अंड्याची जबाबदारी ठरायला तो छोटासा शिक्का पुरला.

आता आयर्लंडकडे वळू. १८८२ साली येडिंगचे शेतकरी डेअरी बांधत होते, तेव्हा आयर्लंडचा शेतकरी काय करत होता? खंड कमी करा, आम्हाला जमिनीवरून हाकलू नका, म्हणून लढत होता. १८७९ ते १८८२ हा त्यांचा जमिनीसाठीचा मोठा लढा. देशावर राज्य इंग्रजांचं. बहुतेक जमीन थोड्या जमीनदारांची, त्यांतले बरेच इंग्लंडात राहणारे. शेतकरी कूळ, आणि अनेकांना वर्षभराचाही भरवसा नाही. समजा अशा घरातल्या बाईनं गोठ्याला चांगली फरशी केली, दूध ठेवायला थंड खोली बांधली. उद्या जमीनदार म्हणणार, शेत सुधारलं दिसतंय, खंड वाढवा. पैसे नसतील तर निघा. अशा वेळी शहाणी बाई काय करेल? आहे ते तसंच ठेवेल. बाहेरून बघणारा त्याला आळस म्हणेल.

त्याआधी चाळीसेक वर्षांपूर्वी तिथं बटाट्याचा महाभयंकर दुष्काळ पडला होता. १८४५ पासून पुढच्या पाच-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि रोगानं मेली, आणखी दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. १८४१ मध्ये लोकसंख्या ऐंशी लाखांच्या वर होती, १९०१ मध्ये ती पंचेचाळीस लाखांच्या आत आली. ज्या घरातली तरुण मुलं-मुली अमेरिकेची वाट धरतात, तिथं वीस वर्षांच्या कर्जाला जामीन कोण राहणार? आणि कर्ज तरी कोण देणार? खेड्यातला दुकानदारच सावकार. त्याच्याकडून उधारीवर चहा, साखर, बियाणं घ्यायचं आणि लोणी, अंडी त्यालाच द्यायची. भाव तोच ठरवणार.

कॉर्कच्या बाजाराचा जुना मोठेपणाही आडवा आला. तिथले व्यापारी, तिथले तपासनीस, तिथली पिंपं, सगळं खारट, टिकाऊ लोण्यासाठी बसवलेलं. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाची चव बदलली, त्याला ताजं, कमी मिठाचं, दर आठवड्याला सारख्याच चवीचं लोणी हवं झालं. जी रीत शंभर वर्षं फायद्याची होती ती सोडणं त्यांना जड गेलं. अखेर १९२४ मध्ये तो बाजार बंद झाला.

मग डेन्मार्ककडून शिकायचं कोणी मनावर घेतलंच नाही का? घेतलं. होरेस प्लंकेट नावाचे जमीनदार घराण्यातले एक गृहस्थ होते. अमेरिकेत दहा वर्षं गुरांचा धंदा करून ते परत आले आणि गावोगाव सभा घ्यायला लागले. त्यांच्या धडपडीतून १८८९ मध्ये लिमेरिक जिल्ह्यात ड्रमकॉलहर गावी आयर्लंडमधली पहिली सहकारी डेअरी निघाली. १८९४ मध्ये सगळ्या सहकारी सोसायट्यांची संघटना झाली. यंत्र तेच, पोटनियमही जवळजवळ तेच. तरी डेन्मार्कसारखं झालं नाही. का?

एक तर विश्वास. प्लंकेट जमीनदारांतले, प्रोटेस्टंट पंथाचे आणि इंग्लंडशी नातं टिकवावं या मताचे. शेतकरी बहुतेक कॅथलिक आणि स्वराज्याच्या बाजूचे. माणूस कितीही चांगला असला तरी "याचा यात काय डाव?" हा प्रश्न उठणारच. रथकील गावच्या सभेतला किस्सा तिथं अजून सांगतात. डेअरीची बोलणी होत आली, तेवढ्यात गावातला एक वकील उठला आणि म्हणाला की या गावात लोणी होईल तर ते राष्ट्रीय विचारांचंच होईल, नाहीतर होणारच नाही. ऐकून हसू येतं. पण शेकडो वर्षं फसवले गेलेले लोक लोण्यातही राजकारण शोधतात, आणि त्यांचा संशय उगाच नसतो.

दुसरं कायद्याचं. डेन्मार्कमध्ये "दूध आमच्याच डेअरीला" हा करार पाळायला लावता यायचा. आयर्लंडच्या सोसायट्यांनीही तसा नियम केला. पण केरी जिल्ह्यातल्या बॅलिमॅकेलिगट गावच्या एका सभासदानं दावा लावला, आणि १९१९ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठानं निकाल दिला की असं बांधून ठेवणं बेकायदा आहे. शेजारच्या खासगी डेअरीनं आठवडाभर थोडा जास्त भाव दिला की सभासद तिकडे. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता मात्र तिथंच. हे दुखणं आपल्याही ओळखीचं आहे.

तिसरं गवताचं. आयर्लंडमध्ये पाऊस भरपूर, कुरण हिरवंगार, त्यामुळे उन्हाळ्यात दूध जवळजवळ फुकट पडायचं. हिवाळ्यात विकतची पेंड घालून दूध काढणं त्यांना परवडतंय असं वाटलंच नाही. त्यांच्या बाजूनं बघितलं तर हिशेब चूक नव्हता. पण त्यामुळे यंत्र हिवाळाभर बंद आणि गिऱ्हाईक डेन्मार्ककडे.

तरी आयर्लंड नुसतं हरलं असं समजू नका. १८८१ पासून एकामागून एक जमिनीचे कायदे झाले. १९०३ च्या कायद्यानंतर तर सरकारी कर्जावर कुळांनी मोठ्या प्रमाणावर जमिनी विकत घेतल्या. शेती आणि धंदेशिक्षणासाठी १८९९ च्या कायद्यानं सरकारी खातं उभं राहिलं. १९१४ पर्यंत सहकारी सोसायट्या हजाराच्या आसपास गेल्या. डेन्मार्कला जे शंभर वर्षांत क्रमानं मिळालं, आधी जमीन, मग शाळा, मग कर्ज, मग डेअरी, ते आयर्लंडला उलटसुलट आणि घाईनं मिळालं. त्यातच १९२० च्या सुमाराला स्वातंत्र्याच्या लढाईत इंग्रज फौजांनी सूड म्हणून अनेक सहकारी डेअऱ्या जाळून टाकल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मैत्रिणींनो, आतापर्यंत मी "शेतकरी, शेतकरी" म्हणत आले. आता विचारू या की बाईचं काय झालं?

डेन्मार्कच्या मोठ्या वाड्यांवर लोण्याचा सगळा कारभार एका बाईच्या हाती असायचा. तिच्या हाताखाली मुली शिकायच्या. हान्ने नील्सन नावाची एक बाई कोपनहेगनच्या उत्तरेला हावर्टी नावाच्या शेतावर राहायची. चीज करायचं शिकायला ती स्वतः युरोपभर फिरली, परत येऊन तिनं मुलींना शिकवलं. आज हावर्टी नावाचं चीज जगभर विकलं जातं, ते नाव तिच्या शेताचं.

पण सहकारी डेअऱ्या आल्या आणि घुसळण घरातून बाहेर गेली. एका अर्थी बरंच झालं, हाताचे कष्ट वाचले. मात्र डेअरीत व्यवस्थापक म्हणून हळूहळू पुरुषच बसला. सभासदाचं नाव जमीनमालकाचं, म्हणजे बहुतेक नवऱ्याचं. दुधाचा पैसा त्याच्या नावावर आणि मत त्याला. १८८० मध्येच डेन्मार्कनं कायदा केला होता की लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या कमाईवर स्वतःचा हक्क. पण घरच्या गोठ्यातल्या कामाला पगार नसतो. मग त्यातली बाईची कमाई कोणती म्हणायची? आणि ज्याच्याकडे गाईच नव्हत्या, त्या शेतमजुराच्या घराला माणशी एक मत या नियमाचा काय उपयोग?

आयर्लंडच्या बायकांना हे लवकर कळलं. तिथं कोंबड्या आणि अंडी बाईची. अंडी दुकानात देऊन ती चहा-साखर आणायची, चार पैसे गाठीला ठेवायची. सहकारी सोसायटीनं "अंडी आम्हाला द्या, हिशेब महिन्यानं" म्हटल्यावर पुष्कळ बायकांनी मान डोलावली नाही. सुधारक वैतागले, बायका अडाणी आहेत म्हणाले. बायका मात्र पुरत्या शहाण्या होत्या. हातात येणारा पैसा नवऱ्याच्या खात्यात जाणार, हे त्यांना दिसत होतं. पुढे १९१० मध्ये वेक्सफर्ड जिल्ह्यात ब्री गावी अनिता लेट यांच्या पुढाकारानं ग्रामीण बायकांची स्वतःची संघटना सुरू झाली. डेअरी आली तरी बाईची जागा राहिली पाहिजे, हे सांगायला बायकांनाच उभं राहावं लागलं. ती संघटना नाव बदलून आजही चालू आहे.

मग एका देशानं दुसऱ्याकडून शिकायचं ते काय? यंत्र उचलून आणता येतं, नियमांचा कागदही उतरवून घेता येतो. पण त्या कागदाखाली जे असतं ते आपल्या मातीत आपणच तयार करावं लागतं. जमिनीवर हक्क, वाचता येणं, न लुबाडणारं कर्ज, माल बाहेर न्यायला रस्ता आणि बंदर, करार पाळायला लावणारं न्यायालय, आणि एकमेकांवर भरवसा. डेन्मार्कच्या सरकारनं शाळा, कायदा, बंदर आणि प्रयोगशाळा दिली. डेअरी मात्र लोकांनी चालवली. आयर्लंडमध्ये लोकांना डेअरी आधी दाखवली गेली आणि पायाखालची जमीन नंतर मिळाली.

आपल्या देशानंही हे सगळं पाहून शिकायचा प्रयत्न केला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला तो युरोपातल्या सोसायट्यांकडे बघूनच. पुढे १९४६ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी मुंबईला जाणाऱ्या दुधावरून संप केला आणि आणंदचा दूध संघ उभा राहिला. त्या नमुन्यावर देशभर संघ काढले गेले. तेही सगळीकडे सारखे रुजले नाहीत. जिथं गावच्या लोकांचा धाक संघावर होता तिथं चालले. जिथं कारभार वरूनच आला तिथं कागदावर राहिले.

आणि जमिनीचं म्हणाल तर महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा दिला, २००५ मध्ये तो कायदा सगळ्या देशाला लागू झाला. त्याआधी शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेऊन बायकोच्या नावानं जमीन करून द्यायला लावली होती. पण आपल्यातल्या किती जणींचं नाव आज सातबाऱ्यावर आहे?

म्हणून या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. गटाचा धंदा का अडला याची चर्चा निघाली की कोण आळशी हे विचारू नका. त्याऐवजी हे विचारा. कर्ज कशाच्या तारणावर मिळालं? माल न्यायला गाडी वेळेवर येते का? भाव कोण ठरवतं? मोजमाप सगळ्यांना दिसतं का? बाहेरचा कोणी दोन रुपये जास्त देतो तेव्हा आपला ठराव टिकतो का? जे आपल्या हातातलं असेल ते आपण करू. जे ग्रामपंचायतीचं, बँकेचं, सरकारचं असेल ते अर्ज लिहून मागू, ग्रामसभेत मांडू. ते मागणं म्हणजे भीक नाही. डेन्मार्कच्या बायांना आणि बाप्यांना ते शंभर वर्षं आधी मिळालं होतं, म्हणून तर त्यांचा धंदा चालला.

आणि घरी गेलात की डेअरीचं कार्ड काढून बघा. धार तुम्ही काढता, शेण तुम्ही काढता, वैरण तुम्ही आणता. कार्डावर नाव कोणाचं आहे, आणि दुधाचे पैसे कोणत्या खात्यात जमा होतात? उत्तर पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.